लग्नाशिवाय धवला नाही

मुलाखत घेणाऱ्या माणसाची मान मला लांबूनही ओळखू येते. समोरचा बोलत असतो आणि ही मान संथ लयीत खाली-वर होत असते, अधूनमधून ‘हं’, अधूनमधून ‘मग?’. बोलणं आत शिरतंय की नाही याच्याशी त्या मानेचा काहीही संबंध नसतो. ती शिकवलेली मान असते. मी स्वतः ती शिकले, पुढं बरीच वर्षं मुलामुलींना शिकवली, आणि आजही टीव्हीवर कुणी ती हलवताना दिसलं की मी चॅनेल बदलते. नातवंडं म्हणतात, आजीला टेन्शन येतं. टेन्शन नाही, शिसारी येते. शब्द नीट वापरावेत.

ही मान आम्हाला ज्यांनी शिकवली ते आमचे सर. एकोणीसशे साठ नुकतंच उलटलं होतं आणि मी मुंबईच्या एका कॉलेजात समाजशास्त्र घेऊन एम.ए. करत होते. त्या काळी खेड्यात पाहणी करायची म्हणजे छापील प्रश्न घेऊन जायचं: घरात माणसं किती, बैल किती, शिकलेलं कोण. सर परदेशात शिकून आलेले, त्यांना असल्या कामाचा तिटकारा. हे कारकुनी काम आहे, आपण माणसाला बोलतं करायचं, असं ते म्हणत. प्रश्न कमी आणि कान जास्त, हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही भारावून गेलो होतो. त्या वयात माणूस भारावून जायला टपलेलाच असतो.

वर्गात आम्ही एकमेकांच्या मुलाखती घेऊन सराव करायचो. दोन खुर्च्या समोरासमोर, बाकीचे भोवती. एकदा आमच्यातल्या एका मुलीला सरांनी बसवलं आणि स्वतः तिची मुलाखत घेतली. घरी कोण कोण असतं इथून सुरुवात झाली, आणि तास संपायच्या आत ती धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला ते सांगत हुंदके देत होती. हे तिनं आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. सर थांबले, आमच्याकडे वळले आणि म्हणाले, आता प्रत्येकानं लिहा, नेमक्या कोणत्या प्रश्नानंतर ही मोकळी झाली. आणि वर्ग लिहू लागला. ती तिथंच बसून पदरानं डोळे पुसत होती आणि चारी बाजूंनी पेनं चालली होती. पुढं ती कॉलेजात आलीच नाही. तिच्यात अजून अभ्यासकाची वृत्ती आलेली नव्हती, एवढंच सर म्हणाले.

वर्गात सरांचा उजवा हात म्हणावा असा एक मुलगा होता. दादरचा, देखणा, नकला करण्यात पटाईत. पाहणीवरून परतलं की ज्यांच्या घरी बसून आलो त्यांच्या बोलण्याच्या तो हुबेहूब नकला करायचा आणि सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. सर त्याला म्हणत, तुझा कान तयार आहे. मला तो मुलगा पहिल्यापासून आवडत नव्हता, आणि नंतर जे झालं त्यामुळं माझं मत बदलायची वेळ आली नाही.

सरांना आगरी लोकांच्या लग्नावर लिहायचं होतं. जुन्या आगरी घरांत लग्न भटजी लावत नसे. ते लावायची धवलारीण, म्हणजे गावातली एखादी जाणती बाई, आणि ती ते गाऊन लावायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं ठरलेलं, त्या गाण्याला म्हणायचं धवला. सरांना हे धवले हवे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि नव्या वर्षात एका मोठ्या सभेत त्यावर निबंध वाचायचा होता. मी पनवेलची. माझे वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, आणि खाडीकडच्या गावांतली बोली मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून शिकले होते. म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं. तू आमची जीभ, असं ते कौतुकानं म्हणाले. कान अर्थात सरांचेच असणार होते.

आता या सगळ्या पट्ट्याला नवी मुंबई म्हणतात आणि माझा स्वतःचा फ्लॅट खारघरला आहे. तेव्हा पनवेलहून एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून खारजमिनीच्या बांधावरून चालायचं. गावाच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि वाटेवर जिथं तिथं जवळा सुकत टाकलेला. सरांनी पहिल्या दिवसापासून नाकाला अत्तराचा रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. आम्ही पोलिस पाटलाच्या ओटीवर बसायचो. चहा यायचा, गुळाचा, काळा. पाटलीण आत वळली की सर आपला पेला हळूच अंगणात ओतायचे. आमच्या दादरकरानं तर तो तुळशीच्या मुळाशी ओतला. तुळशीला चहा घालणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि संध्याकाळी पनवेलच्या डाकबंगल्यात सर आम्हाला लिहून घ्यायला सांगायचे: गावकऱ्यांचा विश्वास आपण संपादन केला आहे, ते आपल्याबरोबर चहा घेतात.

धवलारीण पन्नाशीच्या पुढची होती. उंच, काळीसावळी, कासोटा घातलेली, आणि बोलताना दुसऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची सवय. सगळं गाव तिला आजी म्हणे, म्हणून मीही म्हणायची. सरांनी तिला धवला म्हणून दाखवायला सांगितलं. तिनं विचारलं, लग्न कुणाचं आहे? कुणाचं नाही, आम्हाला नुसता ऐकायचा आहे, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली. लग्नाशिवाय धवला नाही.

दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झालं होतं, पण गावातली लग्नं माघ-फाल्गुनाच्या आधी नव्हती. सरांना तेवढा वेळ नव्हता. मग ते रोज तिच्या ओटीवर जाऊन तोच प्रश्न उलटा-सुलटा करून विचारू लागले. थोडंसंच म्हणा. नुसते शब्द सांगा, चाल नको. तुम्ही शिकलात तेव्हा कशा शिकलात ते सांगा, म्हणजे ओघात येईल. हीसुद्धा एक पद्धत आहे, नकार हा नकार मानायचा नसतो, असं त्यांनी आम्हाला परत येताना शिकवलं. अंगावर पाल पडावी तसं मला झालं. पण सर ते इतक्या शांतपणे सांगत की वाटायचं, आपल्यालाच अजून शास्त्र समजलेलं नाही.

एके दिवशी तिनं सूप खाली ठेवलं आणि मला जवळ बसवून समजावून सांगितलं, म्हणजे मी या माणसाला सांगेन म्हणून.

“बाय, मी गायले का देव येतान, वाडवडील येतान. आयले का त्यांना नवरा-नवरी दाखवायला लागतान. नाय दाखवली तं ते परत जातील कंय?”

मी जसंच्या तसं सांगितलं. सर खूष झाले. म्हणाले, मग दाखवू या की नवरा-नवरी, त्यात काय. लुटुपुटीचं लग्न लावू. तिची श्रद्धाही सांभाळली जाईल आणि आपलं कामही होईल. सरांना ही कल्पना इतकी आवडली की बांधावरून परतताना ते शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी मी ते तिच्या कानावर घातलं, तेव्हा ती सरांच्या तोंडाकडे बघून माझ्याशी बोलली.

“मी खेल नाय करत. मी गायले का लगीन लागला. मंग ता कोनाला सुटायचा नाय.”

मी हेही सांगितलं. सर म्हणाले, अप्रतिम वाक्य आहे, लिहून घ्या. दादरकरानं लिहून घेतलं. मी म्हटलं, सर, हे वाक्य नाही, ती आपल्याला बजावतेय. सरांचा चेहरा बदलला. तुझं काम पोचवायचं आहे, अर्थ लावायचं नाही, असं ते इंग्रजीत म्हणाले, म्हणजे ओटीवरच्या कुणाला कळू नये. कळलं सगळ्यांना. आवाजावरून माणसाला कुत्र्यासारखं बोललेलं कुणालाही कळतं.

आता नवरी हवी. हे काम पोलिस पाटलानं अंगावर घेतलं, कारण सर कुणीतरी मोठे सरकारी साहेब आहेत असा त्याचा समज होता आणि सरांनी तो कधी दुरुस्त केला नाही. पाटलाला स्वतःला लग्नाच्या वयाची मुलगी होती. तिला नेमका त्याच आठवड्यात ताप आला. गावातल्या बाकीच्या मुलींनाही कुणाला पाहुण्यांकडे जायचं होतं, कुणाच्या घरी सुतक निघालं. हे काय चाललंय ते गावाला पुरतं ठाऊक होतं. आपल्या पोरीला कुणी हात लावू देत नव्हतं. शेवटी जिच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं ती मुलगी काढली. आईबाप मेलेली, काकाच्या घरी वाढलेली, पंधरा-सोळा वर्षांची. तिचं लग्न ठरलेलं होतं. पलीकडच्या गावातला, खाडीतून रेती वाहणाऱ्या मचव्यावर जाणारा पोरगा होता, नारळ-साखर देऊन झालं होतं, फाल्गुनात बार उडवायचा होता. मी काकाला गाठून धवलारीण काय म्हणाली ते पुन्हा सांगितलं. काका म्हणाला, साहेबांनी माझ्या पोराला कालेजात शिपाई लावतो म्हटलंय, आनि या काय खरा लगीन हाय? सरांनी खरंच तसं म्हटलं होतं. पुढं त्यांनी शिपाई कुणालाही लावलं नाही.

मला सरांचा राग आला होता, पण त्या गावाची आली ती किळस. उगाच खोटं कशाला बोलू? गरीब, साधी, खाडीकाठची माणसं असं आपण लिहितो. ती साधी माणसं एक अनाथ पोर पुढं सरकवून आपापल्या ओट्यांवर तंबाखू मळत बसली होती.

पोरीला मात्र या सगळ्याची गंमत वाटत होती. ती सतत हसायची, बोलताना हसायची, पाणी भरताना हसायची. तिला वाटलं, शहरातली माणसं आलीत, खेळ आहे. नवरा म्हणून गावातला एकही पोरगा उभा राहायला तयार होईना, तेव्हा आमचा दादरकर आपणहून पुढं झाला. सर म्हणाले, उत्तम, आतून पाहायला मिळेल.

पाटलाच्या अंगणात मांडव घातला. गाव जमलं, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो. धवलारीण आली, नवं लुगडं नेसून, कपाळाला हळद लावून, आणि सुरुवात करायच्या आधी त्या मुलासमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याला विचारलं, “पोरगी घेतंस का?” मी पोचवायची गरज नव्हती, त्याला कळलं होतं. त्यानं आमच्याकडे बघून डोळा मारला आणि तिच्याच सुरात, तिचीच नक्कल करत म्हणाला, “घेतली.” मांडवात हशा पिकला. ती हसली नाही. तिनं मान डोलावली, वळली आणि गायला लागली.

त्या गाण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. सरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. आवाज थोरला, जाडाभरडा. तिनं गावदेवीला बोलावलं, शिवेवरच्या देवांना बोलावलं, मग दोन्ही घरांतली मेलेली माणसं एकेक करून बोलावली. मुलीचे आईबाप त्यात आले. मुलाकडच्या पूर्वजांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा तिनं गाणं थांबवून त्यालाच विचारली आणि त्यानं हसू दाबत सरांच्या आजोबा-पणजोबांची सांगितली. तीही तिनं गाण्यात ओवली. सर अत्तराच्या रुमालात तोंड खुपसून हसत होते. हळद झाली, बाशिंगं झाली, अक्षता झाल्या. आम्ही सगळं लिहून घेत होतो. मी कोपऱ्यात बसून, बोट दुखेपर्यंत. ते संपल्यावर सर घड्याळ बघून म्हणाले, शेवटची एसटी चुकेल, आणि नवरदेव बाशिंग पाटलाच्या ओटीवर टाकून बांधावरून चालू लागला.

दोन दिवसांनी मी एकटी गावात गेले, काही शब्दांचे अर्थ विचारायचे होते. वाटेत पहिली बाई भेटली तिनं विचारलं, नवरा न्यायला कधी येतोय? मला वाटलं, चेष्टा करतेय. दुसरीनं तेच विचारलं. धवलारणीच्या घरी गेले तर ती म्हणाली, पोरीनं सामान बांधून ठेवलंय, काकी घरात ठेवून घेत नाही, लग्न झालेली पोर माहेरी किती दिवस ठेवायची. मी म्हटलं, आजी, ते खोटं होतं. “तुमाना खोटा व्हता,” ती म्हणाली, “मना कोनी खोटा सांगला नाय. मी इचारला, तेनी घेतली बोल्ला.”

आठवड्याभरात मचव्यावाल्याच्या घरून नारळ परत आला. त्या घरच्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याची बायको आम्ही कशी करून घेणार? पण पोरगा बिचारा अडून बसला होता, त्याला हीच हवी होती. तेव्हा पंच बसले, आणि त्यांनी मार्ग काढला तो इतका सोपा होता की मला हायसं वाटलं. नवऱ्यानं पंचांपुढं येऊन गवताची काडी मोडायची. काडी मोडली की बायको सुटली. मग मचव्यावाल्याला ती करून घेता येईल. होळीपर्यंत वाट बघू, असं पंचांनी सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, म्हणजे मी त्याला घेऊन येईन.

एका सकाळचं काम होतं. एसटीनं यायचं, बांधावरून चालायचं, एक काडी मोडायची आणि परत जायचं. वाटलं तर येताना नक्कल करायची.

मी आधी सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवत. मग खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. मला क्षणभर वाटलं, यांना वाईट वाटलंय. ते म्हणाले, “आपण हस्तक्षेप करायचा नाही. समाज यातून कसा मार्ग काढतो हे पाहायची संधी पुन्हा मिळणार नाही. तू असं कर, त्या मुलीची एक सविस्तर मुलाखत घे.” मी म्हटलं, सर, मार्ग त्यांनी काढलाय, एक काडी मोडायचीय. ते म्हणाले, तेही लिहून ठेव.

तोवर मी असं समजत होते की शास्त्रासाठी थोडी कातडी निबर करावी लागते. या माणसाला कातडीखाली काही नव्हतंच.

मग दादरकराला गाठलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये वडा खात होता. मी सांगत गेले तसा त्याचा चेहरा पडत गेला. तो घाबरला होता. मी म्हटलं, तुझ्या दृष्टीनं तर तो खेळ होता ना? मग जाऊन काडी मोडायला काय जातंय?

“वेड लागलंय का तुला?” तो हळू आवाजात म्हणाला. “काडी मोडली म्हणजे लग्न झालं होतं हे मीच कबूल केल्यासारखं. आमच्याकडे मुली बघणं सुरू झालंय.”

म्हणजे मांडवात ‘घेतली’ म्हणताना ते काहीच नव्हतं, आणि सोडायची वेळ आली तेव्हा ते लग्न होतं. मी त्याला पुष्कळ समजावलं, गयावया केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या घराच्या जिन्यात उभी राहिले. त्याच्या आईनं दार उघडलं आणि तो घरी नाही म्हणाली. आत तो कुणाची तरी नक्कल करत होता, बहिणी हसत होत्या, मला सगळं ऐकू येत होतं. मी आईला तिथंच सांगणार होते, पण तिनं दार लावून घेतलं.

माझ्या वडिलांनी हे ऐकलं तेव्हा ते दवाखान्यातून रजा काढून माझ्याबरोबर गावात आले. पंचांतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी औषध दिलेलं, त्यामुळं मान होता. मी त्या मुलाच्या वतीनं काडी मोडतो, वडीलधारा म्हणून, असं ते म्हणाले. पंचांनी आपसांत विचार केला आणि म्हाताऱ्या पंचानं हात जोडले. “बापू, तुमी देवमानूस. पन जेनी घेतली तेनीच सोडावी.” परत येताना वडील बांधावर एकदाच थांबले आणि मला विचारलं, तुझं हे शिक्षण अजून किती उरलंय?

सरांचा निबंध फारच गाजला. मी श्रोत्यांत बसले होते. इंग्रजीत, सुरेख उच्चारात त्यांनी ते वाक्य वाचलं: मी गायले की लग्न लागलं, मग ते कुणाला सुटायचं नाही. शब्दाच्या सामर्थ्यावरची आदिम श्रद्धा, असं त्यांनी त्याचं वर्णन केलं. टाळ्या झाल्या. परदेशातून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, ही माणसं एवढी खाजगी गोष्ट तुमच्यापुढं कशी करायला तयार झाली? सर विनयानं म्हणाले, विश्वास. चहाचा किस्सा त्यांनी तिथंही सांगितला.

पुढं मी शिकवायला लागले तेव्हा तो निबंध अभ्यासक्रमात लागलेला होता. मी पहिल्याच तासाला मुलांना ते वाक्य वाचायला लावायची आणि विचारायची, बाई काय सांगतेय? मुलं हुशार होती. श्रद्धा, विधी, मौखिक परंपरा, भराभर उत्तरं यायची. ‘नको म्हणतेय’ असं उत्तर फार क्वचित यायचं. बहुतेक जण ते वाक्य अधोरेखित करून पान उलटायचे. दरवर्षी ती तांबडी रेघ बघितली की मला वाटायचं, खडू फेकावा आणि घरी जावं. पण मी गेले नाही. मी त्यांना शिकवत राहिले की नकार आला की उठायचं, पायात चपला घालायच्या आणि निघायचं. परीक्षेत यावर प्रश्न कधीच आला नाही, त्यामुळं ते कुणी वहीत लिहून घेतलं नाही.

त्या वर्षी होळी आली आणि गेली. मचव्यावाल्यानं त्यानंतरही थोडे दिवस वाट पाहिली, मग त्याच्या बापानं त्याचं दुसरीकडे उरकून टाकलं. काकीला पोर घरात नको होती. उरणच्या बाजूचा एक विधुर शोधला, दोन लेकरांचा, वयानं बापाएवढा. त्याला ही बायको चालणार होती, पण लग्न लागणार नव्हतं, पाट लागणार होता. विधवेचा नाहीतर टाकलेलीचा लावतात तसा. नवरा आलाच नाही, म्हणून गावानं तिला टाकलेली धरलं होतं. मांडव नाही, बाशिंग नाही, गावजेवण नाही. दादरकराचं लग्न त्याच महिन्यात झालं, मोठ्या हॉलमध्ये. पत्रिका मलाही आली होती. मी ती फाडली.

पाटाला मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. तिन्हीसांजेला काकाच्या घराच्या मागच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला, चार माणसं उभी होती. विधुर घाम पुसत होता. पोर साध्या लुगड्यात खाली मान घालून बसली होती. मला बघितल्यावर ती उठून आत जाईल असं वाटलं, पण ती बसून राहिली. मी जवळ गेले आणि तोंडातून सवयीनं निघालं, कसं वाटतंय? ती म्हणाली, “बाय, आज काय इचारू नका.”

धवलारीण आली होती. डोक्यावर पदर घेऊन, कुडाच्या भिंतीला टेकून लांब उभी होती. पाटात तिचं काही काम नव्हतं. एका म्हाताऱ्यानं दोघांना पाटावर बसवलं, खांद्यावर एकच शेला टाकला, कपाळाला कुंकू लावलं आणि झालं. एवढ्यात संपलं. गोठ्यातली म्हैस रवंथ करत होती तिचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता होती. तेव्हा पोरीनं मान वर केली आणि म्हातारीला म्हणाली, आजे, एक तरी म्हन.

म्हातारी जागची हलली नाही.

“तुजा धवला गाऊन झाला, बाय. तुज्या आयबापाला मी बोलावला व्हता, ते येऊन बगून गेले. दोनदा कसा बोलावू?”

विधुर उठला, त्याला अंधार व्हायच्या आत होडी गाठायची होती.

“मी तवा हसत व्हते, आजे,” ती म्हणाली. “मी काय ऐकलाच नाय.”